निगेवर उभी राहिलेली नगरे

प्रस्तावना

वाळवंटातल्या जुन्या शहरांशी आपली ओळख बहुधा त्यांच्या शेवटापासून सुरू होते. पेट्राचे नाव निघाले की १८१२ साली अरबी वेषात तिथे पोचलेला स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट आणि त्याला दिसलेली ओसाड दगडी नगरी आठवते. पाल्मीरा म्हटले की राणी झेनोबियाचा पाडाव आणि २०१५ साली स्फोटांनी उडवलेली मंदिरे डोळ्यांपुढे येतात. धोळावीऱ्याचा विषय काढला तर समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते ओस का पडले? शेवट चटका लावतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो. पण त्या नादात मोठी गोष्ट सांगायची राहून जाते. ही शहरे पडण्याआधी शतकानुशतके उभी होती. कच्छच्या रणातले धोळावीरा सुमारे दीड हजार वर्षे नांदते होते. पेट्रात आठ-नऊशे वर्षे लोकांचा राबता होता. इराणमधले यझ्द तर आजही भरलेले आहे. इंग्रजांच्या हाती आल्यापासूनची मुंबई अजून चारशे वर्षांचीही झालेली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

या पुस्तकाचा विषय ही उभी राहिलेली वर्षे हा आहे. जिथे वर्षाकाठी तीनशे, दीडशे, कधी साठ मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या कशी राहिली? त्यांनी पाणी कुठून आणले, कसे साठवले, कुणाला किती दिले आणि भांडण झाले तेव्हा निवाडा कसा केला? आणि जेव्हा खरोखरच भागेना, तेव्हा काय केले?

या प्रश्नांची तीन उत्तरे सहसा दिली जातात. एक म्हणजे, तिथे झरे होते. दुसरे, राजे बलाढ्य होते. तिसरे, तेव्हाचे हवामान आजच्यापेक्षा बरे होते. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. झरे वाळवंटात इतरत्रही आहेत, त्या प्रत्येकापाशी शहर उभे राहिले नाही. राजे आले आणि गेले, हौद मात्र भरतच राहिले. हवामान कुठे थोडे बरे असेलही, पण ओढे तेव्हाही वर्षातून मोजकेच दिवस वाहत होते. पुराव्यांचा माग काढत गेल्यावर वेगळीच गोष्ट ठळक होत जाते. ही शहरे निगेवर उभी होती. हौदातला गाळ वेळेवर काढणे, पन्हळीची भेग बुजवणे, पाण्याची पाळी पाळणे, हिशेब सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवणे आणि चुकणाऱ्याला जाब विचारणे, ही ती निगा. तिच्यावर राजाचे नाव कोरलेले नसते. म्हणून ती शिलालेखांत कमी आणि गाळात, खापरांत, नळांच्या सांध्यांत जास्त सापडते.

आधी एक शंका दूर करायला हवी. इतके हाल होते, तर माणसे तिथे राहिलीच कशाला? याचे उत्तर वाटांमध्ये आहे. धोळावीरा सिंध आणि सौराष्ट्राच्या मधल्या वाटेवर, समुद्राच्या व्यापाराला जवळ होते. तिथे मणी घडत, शंखाचे काम चाले, आणि तिथला घडीव दगड दूरच्या हडप्पापर्यंत पोचत होता. दक्षिण अरबस्तानातून भूमध्य समुद्राकडे जाणारा धूप पेट्रावरून जाई. युफ्रेटिस नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामधली जवळची वाट पाल्मीरावरून होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राला, नबातियन राजा मलिखस याच्याकडे जाणाऱ्या वाटेची नोंद आहे. त्याच पुस्तकात आपले पैठण आणि तेर येतात. पैठणचे गोमेदाचे दगड आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचला उतरत होते, तिथून ते जहाजावर चढत. म्हणजे पेट्रा आणि पैठण एकाच व्यापारी जगाची दोन टोके होती.

व्यापारामुळे शहराला पैसा मिळे, पण पिण्याला पाणी मिळत नसे. उंटांचा तांडा आला की माणसांबरोबर शेकडो जनावरांचीही तहान भागवावी लागे. पोट बाहेरच्या वाटांवर आणि घसा घरच्या हौदावर, अशी या शहरांची कायमची कसरत होती. दोन्ही बाजूंनी अनिश्चितता. म्हणून त्यांना दोन गोष्टी शिकाव्या लागल्या: पाणी राखणे आणि माणसांतला विश्वास राखणे. पुढची सगळी प्रकरणे या दोन गोष्टींभोवती फिरतात.

पहिले आणि सर्वांत मोठे प्रकरण धोळावीऱ्याचे आहे. कच्छच्या मोठ्या रणातल्या खडीर बेटावर हे नगर आहे. जगत्पती जोशी यांनी १९६०च्या दशकात ते प्रकाशात आणले, रवींद्र सिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून तिथे दीर्घकाळ उत्खनन झाले, आणि २०२१ साली ते जागतिक वारसा ठरले. जमिनीखालचे पाणी मचूळ, बारमाही नदी नाही, पावसाचा भरवसा नाही. पण नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे होते. नगर वसवणाऱ्यांनी ते नेमके या दोहोंच्या मध्ये वसवले. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवले आणि तटाच्या आतल्या बाजूने एकाखाली एक असे जलाशय खोदले. नगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन सुमारे १३ मीटर उतरते. त्या उताराचा त्यांनी असा उपयोग केला, की वरचा जलाशय भरला की पाणी आपोआप खालच्यात जावे. तटाच्या आतल्या सुमारे ४८ हेक्टर जागेतला चांगलाच मोठा हिस्सा त्यांनी पाण्यासाठी सोडला होता. घरे, बाजार, मैदान यांच्याआधी पाण्याची जागा ठरलेली, असे त्या नकाशाकडे पाहताना वाटत राहते.

पूर्वेकडचा जलाशय जवळून पाहण्यासारखा आहे. तो सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटरहून खोल आहे. पाणी कितीही खाली गेले तरी माणसाला उतरता यावे म्हणून त्याला पायऱ्या आहेत. दक्षिणेकडचे काही हौद तर मूळ खडक फोडून केलेले आहेत. बालेकिल्ल्यात दगडी मोऱ्यांचे जाळे आहे. त्यांतल्या काही मोऱ्या माणूस आत शिरू शकेल इतक्या मोठ्या आहेत. त्या सांडपाण्यासाठी नव्हत्या. छपरांवर आणि अंगणांत पडलेला पाऊस त्या गोळा करून हौदाकडे नेत होत्या, आणि आतली हवा बाहेर पडावी म्हणून त्यांना झरोके ठेवलेले होते. पावसाची एक सर वर्षभराच्या आशेसारखी वापरायची, हे धोरण त्या दगडांत वाचता येते. मोरीत माणूस शिरू शकतो याचा अर्थ ती साफ करता येते. बांधतानाच साफसफाईचा विचार करणारे हे लोक होते.

धोळावीऱ्यानंतर आपण जॉर्डनमधल्या पेट्राला जातो. नबातियन हे मुळात तंबूंत राहणारे लोक. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने जुन्या वृत्तांताच्या आधारे त्यांच्याबद्दल लिहिले आहे. धान्य पेरायचे नाही, फळझाड लावायचे नाही, दारू प्यायची नाही आणि घर बांधायचे नाही, असा त्यांचा कडक नियम होता. कारण ज्याच्याकडे हे सगळे असते त्याला बळजोर शत्रू सहज वाकवतो, अशी त्यांची धारणा होती. इ.स.पू. ३१२ मध्ये मॅसिडोनियन सेनापती अँटिगोनसने त्यांच्यावर सैन्य पाठवले, पण ते टिकले. त्यांचे बळ जमिनीखाली होते. माती आणि मऊ खडकात ते हौद खणत. तोंड अगदी लहान, आत मात्र पोकळी वाढत जाऊन प्रत्येक बाजू तीसेक मीटरची. पावसाच्या पाण्याने हौद भरला की तोंड बुजवून जमीन सारखी करून टाकायची, आणि खूण फक्त आपल्या लोकांना ठाऊक. पाठलाग करणारा शत्रू तहानेने परत फिरे.

पुढे याच लोकांनी घरे बांधली, द्राक्षे लावली, राजे केले आणि पेट्रासारखे नगर उभारले. जुना नियम त्यांनी मोडला, जुनी विद्या मात्र सोडली नाही. पेट्राला जाणारा पर्यटक सीक नावाच्या अरुंद घळईतून सुमारे सव्वा किलोमीटर चालतो आणि समोर खजिना म्हणून ओळखली जाणारी कोरीव इमारत दिसताच थबकतो. वाचकाला माझे सांगणे आहे, की तिथवर जाताना दोन्ही भिंतींकडे नजर ठेवावी. एका बाजूला खडकात कोरलेली पन्हळ आहे, दुसऱ्या बाजूला भाजक्या मातीचे नळ बसवण्यासाठी खोबण. शहराबाहेरच्या ऐन मूसा झऱ्याचे पाणी या वाटेने आत येई. वाटेत गाळ बसावा म्हणून लहान कुंड्या आहेत, कारण नळात गाळ साचला तर सगळे काम वाया. आणि सीकच्या तोंडाशी बांध आहे. तो पाणी आणण्यासाठी नाही, पाणी टाळण्यासाठी आहे. डोंगरावर पाऊस झाला की काही मिनिटांत घळई भरून वाहू लागते. नबातियनांनी तो लोंढा बांधाने अडवला आणि खडकातून ऐंशीएक मीटरचा बोगदा खोदून दुसऱ्या दरीत वळवला. वाळवंटात माणूस तहानेने मरतो तसा पुरानेही मरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शतकांनंतर तो बांध ढासळलेला असताना, १९६३ साली अचानक आलेल्या पुरात सीकमध्ये वीसहून अधिक पर्यटक प्राणाला मुकले. त्यानंतर बांध पुन्हा बांधण्यात आला, जुन्याच जागी आणि जुन्याच हेतूने.

नबातियनांचीच वस्ती असलेली नेगेव वाळवंटातली गावे, आवदात, शिवता, हलूझा ही तिसऱ्या भागात येतात. इथे सरासरी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. तरीही बायझंटाइन काळात इथे द्राक्षमळे पिकले आणि इथली द्राक्षमदिरा गाझा बंदरातून भूमध्य समुद्रापार गेली. युक्ती अशी, की पिकाला पाऊस पुरत नसेल तर शेजारच्या उतारांचा पाऊसही त्याच शेताला द्यायचा. एका एकर शेतासाठी वीस ते तीस एकर उतार राखून ठेवलेला असे. उतारावरचे दगड वेचून बाजूला काढले की तिथल्या बारीक मातीवर पावसाने पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी खाली वाहते. दगडी चरांनी ते गोळा करून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात सोडायचे. मायकेल एव्हनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९च्या सुमारास आवदातपाशी जुन्या शेताची पुन्हा बांधणी करून ही पद्धत चालते हे दाखवून दिले.

शिवताच्या मधोमध दोन सार्वजनिक हौद आहेत. छपरांवरचे आणि गल्ल्यांतले पाणी त्यांत उतरे. याच गावात काही लेखी खापरे सापडली. त्यांवर ग्रीकमध्ये खरडलेल्या ओळी म्हणजे पावत्या आहेत: अमक्याने हौदाच्या कामाची आपली पाळी भरली. या पुस्तकासाठी निवडलेल्या सगळ्या वस्तूंत मला ही खापरे सर्वांत मोलाची वाटतात. गाळ काढायचे काम प्रत्येकाच्या वाट्याला येत होते, ते कुणी केले याची नोंद होत होती आणि केल्याचा पुरावा त्याच्या हातात दिला जात होता. हौद बांधणे एकदाच असते. ती पावती दरवर्षी फाडावी लागते, आणि शहर त्या पावतीवर जगते.

सीरियातल्या पाल्मीरामध्ये हीच वृत्ती कायद्याच्या रूपात दिसते. एफ्का झऱ्याच्या पाण्यावर आणि भोवतालच्या मरूद्यानावर हे नगर वाढले. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात पसरलेल्या खेड्यांतून त्याला धान्य आणि जनावरे मिळत. इ.स. १३७च्या एप्रिलमध्ये इथल्या नगरसभेने जकातीचे दर मोठ्या शिळेवर ग्रीक आणि पाल्मीरी अशा दोन भाषांत कोरून घेतले. ती शिळा जवळजवळ पाच मीटर लांब आहे आणि आज रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ठरावाच्या सुरुवातीलाच कारण दिलेले आहे: जुन्या कायद्यात पुष्कळशा मालाचे दर नमूद नव्हते, वसुली रिवाजाने चाले आणि त्यावरून व्यापारी व जकातदार यांच्यात वारंवार तंटे होत. म्हणून दर ठरवून, कोरून, सर्वांच्या नजरेसमोर उभे करायचे. उंटावरच्या ओझ्याचा दर वेगळा, गाढवावरच्याचा वेगळा. सुगंधी तेल, खारवलेले मासे, कातडी, मीठ सगळ्यांची नोंद आहे. शहरातल्या झऱ्याच्या पाण्याच्या वापरासाठी वर्षाला ८०० दिनार असा दरही त्यात आहे. परक्या मुलखातून आलेल्या तांडेवाल्याला इथे आपली लूट होणार नाही ही खात्री देणे, हेही वाळवंटात टिकण्याचे साधन होते. वाट बदलणे त्याला कधीही शक्य होते.

पाचवा भाग यझ्दचा, आणि त्यात इतिहास अजून संपलेला नाही. वर्षाला साठेक मिलिमीटर पाऊस असलेले हे शहर कनातींवर वाढले. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची आणि तिथून शहराकडे अगदी हलका उतार धरून भुयार न्यायचे. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, माती वर काढायला आणि हवा खेळायला. वर काढलेली माती विहिरीच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात, म्हणजे पुराचे गढूळ पाणी आत शिरत नाही. माती ठिसूळ असेल तिथे भुयाराला भाजक्या मातीची कडी बसवतात. पाणी भुयारातून वाहत असल्यामुळे उन्हाने उडत नाही, आणि भूजल जेवढे देते तेवढेच मिळते. या शेवटच्या वैशिष्ट्यातच कनातीचे शहाणपण आहे: जमिनीच्या पोटातले पाणी तिला ओरबाडता येत नाही. विसाव्या शतकात खोल कूपनलिका आल्या, त्यांनी पाण्याची पातळी खाली ओढली आणि शेकडो वर्षे वाहिलेल्या कित्येक कनाती कोरड्या पडल्या. २०१६ साली इराणमधल्या ११ कनाती जागतिक वारसा ठरल्या. त्यांतली यझ्दची झार्च कनात ७० किलोमीटरहून लांब आहे.

कनातीचे पाणी वाटायला मीराब नावाचा माणूस नेमलेला असे. त्याच्यापुढे पाण्याचे मोठे भांडे, त्यात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक माप झाले. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी ठेवत ते घटिकापात्र याच तत्त्वावर चालते. कुणाचा हक्क किती वाट्यांचा हे पिढीजात ठरलेले, आणि मीराबाच्या शब्दाला मान. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या हेच काम करत आले, ते ज्याने पाहिले आहे त्याला यझ्दचा मीराब परका वाटणार नाही. नात्याचा आणखी एक धागा थेट जोडलेला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी बुऱ्हाणपूरला इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली भूमिगत पाणीयोजना झाली, आणि त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी बांधली. भुयार आणि हवेच्या विहिरी यांची ती विद्या इराणच्या वाळवंटातली. मराठवाड्याच्या मातीत ती रुजली आणि शतकानुशतके त्या शहराला पाणी देत राहिली.

इतके सांगून झाल्यावर शेवटाकडे वळणे प्राप्त आहे. आणि इथेही निगेचाच पुरावा बोलतो. इ.स. ३६३च्या भूकंपाने पेट्राचा बराच भाग पाडला. तिथेच शहर संपले असे पूर्वी बरेच जण मानत. १९९३ साली एका बायझंटाइन चर्चच्या अवशेषांत जळून कोळसा झालेल्या सुमारे १४० पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडून वाचल्या तेव्हा सहाव्या शतकातले पेट्रा डोळ्यांपुढे आले: वाटण्या, वारसा, लग्नाचे व्यवहार, मळ्यांची मालकी, जमिनीच्या करांच्या नोंदींतली नावे बदलणे. भूकंपानंतर दोनशे वर्षांनीही लोक जमिनीवरून भांडत होते आणि ती भांडणे कागदावर मिटवत होते. ज्या शहराला उद्याची आशा नाही, तिथे वाटणीपत्र करायला कुणी जात नाही.

हलूझाची गोष्ट याच्या उलट दिशेने तेच सांगते. अलीकडच्या उत्खननात तिथले गावाबाहेरचे उकिरडे थरांथरांनी तपासले गेले. बियांच्या कालमापनावरून दिसले, की शहरातला कचरा रीतसर गोळा करून बाहेर नेऊन टाकण्याची व्यवस्था सहाव्या शतकाच्या मध्याला थांबली. अरब विजय त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आला. म्हणजे शहर शत्रूने पाडले नाही. त्याच्या खूप आधी त्याने स्वतःला झाडणे सोडले होते. त्याच दशकांत सम्राट जस्टिनियनच्या काळातली प्लेगची साथ होती, ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर हवामान थंडावले होते, दूरच्या बाजारांत मदिरेची मागणी घसरली होती. धोळावीऱ्यातही हाच क्रम दिसतो. बिष्टांनी नगराचे सात टप्पे ठरवले. पाचव्या टप्प्यात मुद्रा, भांडी, मणी पूर्वीसारखेच घडत होते. ढिलाई आली होती ती नगराच्या देखभालीत, आणि ती बालेकिल्ल्यात सर्वांत ठळक आहे. त्यानंतर नगर काही काळ ओस पडले.

माझे म्हणणे कुणी असे समजू नये, की निगा राखली की काहीही निभावते. दुष्काळाची पिढीच्या पिढी आली, व्यापाराची वाट समुद्राकडे वळली किंवा साथीने माणसेच नेली, तर हौद कितीही स्वच्छ असोत, शहर कोलमडू शकते. पडलेल्या शहरातल्या माणसांना आळशी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. निगा सुटते ती बहुतेकदा हात कमी पडतात म्हणून, किंवा केलेल्या कामाचा मोबदला मिळेनासा होतो म्हणून. पण संकट कुठून शिरते हे पाहायचे असेल, तर तटाची भिंत पाहण्याआधी मोरी पाहावी लागते.

आणि लहान होणे हेही टिकणेच आहे. धोळावीऱ्यात ओस पडलेल्या जागेवर लोक परतले. सहाव्या टप्प्यात त्यांनी लहानशी वस्ती केली. ती गेल्यावर आणखी काही काळाने आलेल्यांनी चौकोनी घरे सोडून गोल घरे बांधली. कच्छमधली ‘भुंगा’ नावाची गोल घरे आजही आहेत, आणि २००१च्या भूकंपात त्यांतली पुष्कळ उभी राहिली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात असेच दिसले. तिथे वाळवंट नव्हते, पण इ.स.पू. १०००च्या सुमारास पाऊसमान घटले तेव्हा पाटाचे पाणी आणि ऐसपैस चौकोनी घरे मागे पडली, गोल झोपड्या आल्या, पशुपालन वाढले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ऱ्हास म्हणतात. ज्या कुटुंबाने मोठे घर सोडून गोल झोपडीत लेकरे जगवली, त्याच्या बाजूने पाहिले तर तो निभाव होता.

मराठीत हे पुस्तक लिहावेसे वाटले त्याचे कारण जवळचे आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी न्यावे लागले. लातूरचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरहून अधिक आहे. धोळावीऱ्याच्या दुपटीहून जास्त, यझ्दच्या दसपट. याचा अर्थ लातूरकरांचे काही चुकले असा नाही. पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेल्या पावसाचे आपण काय करतो हा प्रश्न मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे नव्या धरणाचे भूमिपूजन थाटात होते. जुन्या तलावातला गाळ काढायचा म्हटले की निधी नसतो, आणि पाटाच्या शेपटाशी असलेल्या शेतकऱ्याची पाळी कधी येते हे विचारायला कुणाकडे वेळ नसतो. शिवताच्या खापरांना आपल्याशी बोलायचे आहे ते इथे.

पुस्तकाची मांडणी स्थळांप्रमाणे आहे, काळाप्रमाणे नाही. प्रत्येक भागात आधी पाणी, मग पोट, मग नियम आणि शेवटी संकट असा क्रम ठेवला आहे. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने धोळावीरा आणि पेट्रा आधी वाचावे, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्याने शिवता आणि यझ्द. ज्यांना प्रत्यक्ष जाता येईल त्यांनी धोळावीऱ्याला जरूर जावे. भुजहून दिवसाभरात पोचता येते. गेल्यावर बालेकिल्ल्याच्या उंचीवरून नगर पाहण्याआधी जलाशयाच्या काठाने चालावे आणि पाणी कुठून आत येत होते, कुठून पुढे जात होते ते पायांनी समजून घ्यावे.

ज्यांच्या श्रमांवर हे लेखन उभे आहे ते उत्खनक, लिपितज्ज्ञ आणि खापरे धुऊन क्रमांक घालणारे कामगार यांचे ऋण मोठे आहे. त्यांत एक नाव वेगळे घ्यायला हवे. खालिद अल असाद यांनी चाळीस वर्षे पाल्मीराच्या अवशेषांची आणि संग्रहालयाची व्यवस्था पाहिली. निवृत्तीनंतरही ते त्या गावात राहिले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांना तिथेच ठार मारण्यात आले. निगा हा शब्द या पुस्तकात जिथे जिथे आला आहे, तिथे त्यांचे स्मरण आहे.

जुन्या वाळवंटी शहरांची तंत्रे जशीच्या तशी उचलावीत असे मी म्हणत नाही. आपली शहरे त्यांच्याहून कितीतरी मोठी आहेत, आपली साधने वेगळी आहेत. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती कामांची क्रमवारी: बांधण्याआधी साफ कसे करणार हे ठरवणे, वाटण्याआधी मोजणे, आणि जे ठरले ते सर्वांना वाचता येईल असे लिहून ठेवणे. देखभालीचा खर्च उरलेल्या पैशांतून करायचा नसतो, तो सर्वांत आधी बाजूला काढायचा असतो. ज्या नगरांपाशी चुकायला जागाच नव्हती, त्यांनी हे हजारो वर्षे करून दाखवले. आपल्यापाशी पाऊस जास्त आहे, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.